मेल्यावर काय उरतं?

परवा शनिवारी भाचा राहायला आला होता. वय वर्षे बारा. त्याला म्हटलं, चल, तुला एक पुराणकाळातला गेम दाखवतो. 'रोग' सुरू करून दिला. पाच मिनिटांत पठ्ठ्या मेला.

"मामा, आता परत कुठून सुरू करायचं?"
"पहिल्यापासून."
"आणि माझं चिलखत?"
"गेलं."
"असला कसला गेम?"

प्रश्न अगदी रास्त आहे. या तळघरांच्या गेम्सनी त्याचं उत्तर शोधायला वीसेक वर्षं घेतली.

१९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांची तक्रार अशी होती की अ‍ॅडव्हेंचर गेम एकदा सुटला की संपला. लिहिणाऱ्याला तर तो खेळण्यात काहीच मजा नाही. म्हणून त्यांनी दर वेळी नवीन तळघर तयार करणारा 'रोग' लिहिला. पुढे केन अरनॉल्ड त्यांना येऊन मिळाला आणि बीएसडी युनिक्सबरोबर गेम विद्यापीठांत पसरला. ग्राफिक्स वगैरे काही नाही. तुम्ही म्हणजे '@', राक्षस म्हणजे इंग्रजी मुळाक्षरं. २६ मजले खाली उतरायचं, यंडोरचा ताईत घ्यायचा आणि परत वर यायचं.

राक्षस मारले की अनुभव वाढतो, लेव्हल वाढते. मग पहिल्याच मजल्यावर बसून वटवाघळं मारत राहिलं तर? (आपण इंजिनियर लोक, पळवाट आधी शोधणार!) त्यावर उपाय म्हणजे भूक. खाणं पुढे गेल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे खाली उतरावंच लागतं. आणि सेव्ह केलेला गेम उघडला की फाइल पुसली जाते, म्हणजे तीही पळवाट बंद. मेल्यावर पात्राचं काही म्हणजे काही उरत नाही. उरतं ते फक्त तुमच्या डोक्यात. अ‍ॅक्वेटर दिसला की चिलखत काढून ठेवायचं, नाहीतर गंजतं, हे एकदा गंजल्यावरच कळतं.

आता उडी १९९६ वर. डेव्हिड ब्रेविक कॉलेजात असताना 'रोग'च्याच वंशातल्या 'मोरिया' आणि 'अँगबँड'च्या नादी लागला होता. त्यातून त्याच्या टीमने 'डायब्लो' काढला. आधी तोही 'रोग'सारखा एकेक चाल खेळायचा गेम होता. ब्लिझार्डने रिअल टाइमचा आग्रह धरला. ब्रेविकचा विरोध होता, पण त्यानेच एका दुपारी कोड बदलून बघितला आणि त्याचं मत फिरलं. आता नुसतं क्लिक करायचं. १६ मजले, वर गावात लोहार आणि वैद्य, हवं तेव्हा सेव्ह. कधी गेम न खेळलेली माणसंसुद्धा खेळायला लागली.

मग कठीणपणा गेला कुठे? माझ्या मते तो गेला नाही, फक्त मागे सरकला. २००० च्या 'डायब्लो २' मध्ये हे स्वच्छ दिसतं. नॉर्मलमध्ये मेलात तर अनुभव शाबूत. तीच गोष्ट पुन्हा नाइटमेअरमध्ये खेळताना मेलात तर त्या लेव्हलच्या अनुभवातले ५ टक्के कापले जातात, हेलमध्ये १० टक्के. कमावलेली लेव्हल मात्र कधीच जात नाही. आणि नॉर्मल एकदा पूर्ण केलं की हार्डकोअर उघडतं: मेलात की संपलं. म्हणजे १९८० चा नियम वीस वर्षांनी परत आला, पण नवशिक्यावर लादलेला नाही. शिकून झाल्यावर, तुमच्या मर्जीने.

याची किंमत आहेच. 'डायब्लो'त भूक नाही. तेच तेच राक्षस शंभर वेळा मारून पात्र मोठं करता येतं. पात्र शिकतं, आपण शिकलोच असं नाही. मी स्वतः कॉलेजात रात्री जागून एक पात्र असंच मोठं केलं होतं. शिकलो काय? क्लिक करायला :-)

असो. रविवारी सकाळी उठून बघतो तर भाचा 'रोग' खेळत बसलेला. दात घासले नव्हते.

"मामा, दोघं एकदम आले ना, की बोळात शिरायचं. मग एकेकच अंगावर येतो."

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर मेला. काही न बोलता परत पहिल्यापासून सुरू केलं.