कटकपर्यंत आलेले भोसले : एका ‘जर’चा विचार

इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही, असे आपण शिक्षक वर्गात बजावतो आणि वर्गाबाहेर पडताच पानिपत जिंकले असते तर काय झाले असते, याचा ऊहापोह करीत बसतो. या विसंगतीचे आम्हांस वैषम्य वाटत नाही. गतकालीन माणसांपुढे एकाहून अधिक वाटा खुल्या होत्या हे मानल्यावाचून त्यांच्या निवडीचे मोल करता येत नाही. मात्र तो ‘जर’ त्या माणसांच्या हातातला असावा. शिवाजीमहाराजांच्या आरमारात आगबोटी असत्या तर, हा प्रश्न करमणुकीचा. १७८१ साली नागपूरकर भोसल्यांची फौज कटकहून पुढे सरकली असती तर, हा प्रश्न इतिहासाचा.

यंत्रयुगापूर्वी पौर्वात्य राज्यांना दूरवर साम्राज्य पसरविणे शक्यच नव्हते, असा एक समज आहे, आणि त्याला दाखला देतात तो जपानचा. १८६८ नंतर तेथे कारखाने निघाले, आणि मगच १८९५ मध्ये फोर्मोसा व १९१० मध्ये कोरिया त्याच्या ताब्यात गेले. परंतु त्याच कोरियावर जपान तीनशे वर्षे आधी चालून गेला होता. १५९२ मध्ये हिदेयोशीने दीड लाखाच्या वर सैन्य समुद्रापार धाडले आणि सुमारे तीन आठवड्यांत सेऊल ही राजधानी घेतली. बंदुका त्यांच्यापाशी भरपूर होत्या. नव्हता तो समुद्रावरील ताबा. यी सुन-सिन या कोरियन नौसेनापतीने रसद तोडली, चीनची फौज कोरियाच्या साहाय्यास आली, आणि १५९८ मध्ये हिदेयोशी निवर्तल्यावर उरलेले सैन्य माघारी गेले. हे साम्राज्य यंत्रावाचून अडले नव्हते. रसदीवाचून अडले होते.

आता घरचे उदाहरण. आमचे तिगाव पांढुर्ण्याजवळ, नागपूर-इटारसी लोहमार्गावर आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले व हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. तरी भोसल्यांचा इतिहास येथे परका वाटत नाही. तो सांगताना एक गोष्ट मात्र आपण बहुधा गाळतो. पांढुर्णा-सौंसरचा हा प्रदेश देवगडच्या गोंड राज्याचा. चांदसुलतान १७३९ मध्ये मृत्यू पावल्यावर त्याच्या वारसांच्या तंट्यात रघोजी भोसले पडले, आणि हळूहळू ते राज्यच त्यांच्या घशात गेले. बंगालच्या स्वाऱ्या याच पायावर उभ्या राहिल्या. आपण ज्याला अभिमानाने ‘आपले साम्राज्य’ म्हणतो, तो आपल्याच वर्गातील गोंड मुलाच्या दृष्टीने त्याच्या राज्याचा अस्त होय.

१७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. पुढील वर्षी स्वतः रघोजी गेले, तेव्हा त्यांना बंगालबाहेर घालविण्यास कोण आले? नानासाहेब पेशवे; आणि तेही अलीवर्दीखानाकडून २२ लाख घेऊन! साताऱ्यास शाहूमहाराजांनी दोघांत समेट घडवून पूर्वेचा प्रदेश रघोजींकडे दिला. १७४४ मध्ये अलीवर्दीने भास्कररामांना भेटीस बोलावून त्यांच्या सरदारांसह मारले. तरीही स्वाऱ्या थांबल्या नाहीत, आणि १७५१ च्या तहाने ओरिसा व सालीना १२ लाखांची चौथाई भोसल्यांना मिळाली. १७५५ मध्ये रघोजी वारले. पुत्रांत वारसाहक्काचे भांडण जुंपले. आणि दोनच वर्षांनी, २३ जून १७५७ रोजी, क्लाइव्हने प्लासी जिंकली. वॅटला वाफेच्या एंजिनाचे पेटंट मिळाले ते १७६९ मध्ये. तेव्हा इंग्रजांनी बंगाल घेतला तोही यंत्राच्या बळावर नव्हे. वेळेवर पगार मिळणारे पायदळ, समुद्रावरील जहाजे आणि १७६५ नंतर दिवाणीचा महसूल, एवढ्यावर त्यांचे राज्य उभे राहिले.

आमचा ‘जर’ येथून पुढचा आहे. नाना फडणीस, निजाम, हैदर व नागपूरकर यांनी मिळून इंग्रजांस चहूकडून घेरावे, असा बेत ठरला होता. बंगालची बाजू मुधोजी भोसल्यांकडे होती. सप्टेंबर १७८० मध्ये हैदर व टिपू यांनी बेलीची पलटण धुळीस मिळविली. मद्रास संकटात आले. मुधोजींचे पुत्र चिमणाजी मोठ्या फौजेसह कटकात येऊन बसले. आणि ते बसूनच राहिले! वॉरन हेस्टिंग्जने रोख लाखो रुपये मोजले. एवढेच नव्हे, तर मद्रासच्या मदतीस निघालेली कर्नल पिअर्सची बंगाली पलटण १७८१ मध्ये भोसल्यांच्याच ओरिसातून सुखरूप पार झाली.

समजा, ती वाट अडविली असती. बंगाल भोसल्यांचा झाला असता, असे आम्हांस वाटत नाही. चौथाई वसूल करणारी घोडदळाची फौज एखादा प्रांत भाजून काढू शकते, चालवू शकत नाही. बंगाली माणसाच्या आठवणीत ‘बर्गी’ हा शब्द, म्हणजे आपला बारगीर, भयाचे दुसरे नाव होऊन राहिला, आणि गंगाराम कवीच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त त्या स्वाऱ्यांचे जे वर्णन आहे ते मराठी वाचकास सुखावणारे नाही. परंतु मद्रासला जमिनीवरून जाणारी मदत तुटली असती, आणि कर्नाटकातील युद्धाचा रंग कदाचित पालटला असता. ‘जर’ एवढाच, पण तो खरा होता. त्यासाठी आगबोट नको होती, कारखाना नको होता. पैसे नाकारणे आणि पुणे-नागपूरचे एकमेकांवर विश्वास टाकणे, एवढेच हवे होते.

कलकत्ता ते मद्रास या किनाऱ्याच्या वाटेसाठी कंपनीचा डोळा कटकवर होताच. ऑक्टोबर १८०३ मध्ये तिच्या सैन्याने बाराबती किल्ला घेतला. आडगाव व गाविलगड येथे पराभव झाल्यावर दुसऱ्या रघोजींनी देवगावच्या तहात १७ डिसेंबर रोजी कटकवर पाणी सोडले. रघोजी पहिल्यांच्या भयाने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला होता. मराठे आले नाहीत म्हणून तो अर्धवटच राहिला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधण्यात आला.