धुरांतील साक्षीदार

मोटार सुरळीत चालली असतां एके दिवशीं चालकापुढील फळ्यावर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा लागतो आणि मग कांहीं केल्या विझत नाहीं, हा अनुभव मोटार बाळगणाऱ्या पुष्कळ घरांना केव्हां ना केव्हां येतोच. गाडी गॅरेजांत जाते. मिस्त्री स्कॅनर जोडतो. त्यावर ऑक्सिजन सेन्सरचा उल्लेख असलेला एक संकेतांक उमटतो. जुना सेन्सर काढून नवा बसविला जातो, कांहीं हजार रुपये खर्ची पडतात, आणि पंधरा दिवसांनीं तोच दिवा पुन्हा लागतो. अशा वेळीं मिस्त्री लबाडच असतो असें नाहीं, आणि यंत्रहि खोटें बोललेलें नसतें. चूक होते ती दिव्याच्या बोलण्याचा अर्थ लावण्यांत. हा दिवा कोणत्या अडचणींतून जन्माला आला हें कळलें, म्हणजे त्याची भाषाहि कळूं लागते.

ह्या कथेचा आरंभ मोटारीच्या कारखान्यांत होत नाहीं. तो होतो एका शहराच्या हवेंत. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथें १९४३ सालच्या जुलै महिन्यांत एके दिवशीं असें दाट धुरकें पसरलें कीं, थोड्या अंतरावरच्या इमारती दिसेनाशा झाल्या. लोकांचे डोळे चुरचुरूं लागले, घसे खवखवूं लागले. महायुद्ध चालू होतें. हा शत्रूनें सोडलेला विषारी वायु असावा, अशीहि कित्येकांची समजूत झाली. पुढें संशय गेला तो शहरांतीलच एका कारखान्यावर. कृत्रिम रबरासाठीं लागणारें ब्यूटाडाइन तेथें तयार होत असे. लोकांची ओरड झाली, कारखाना कांहीं काळ बंद राहिला. परंतु धुरकें पूर्वींप्रमाणेंच येत राहिलें. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचाच हा प्रकार होता.

खऱ्या चोराचा माग लागला तो अननसामुळें. पॅसाडीना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत आरी हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या स्वादाचा अभ्यास करीत होते. फळाचा सुगंध थंडीनें गोठवून त्यांतील घटक वेगळे करण्याची रीत त्यांनीं शहराच्या हवेला लावून पाहिली. १९५० नंतरच्या दोनतीन वर्षांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, पेट्रोलांतील न जळालेलीं हायड्रोकार्बन द्रव्यें आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें ह्यांची सूर्यप्रकाशांत परस्परांवर क्रिया होते, आणि तींतून ओझोन व इतर झोंबणारीं द्रव्यें निर्माण होतात. तेलशुद्धीच्या कारखान्यांचा त्यांत वांटा होताच. पण मोठा वांटा होता मोटारींच्या धुराचा. सगळें शहर ज्याला शोधीत होतें, तो चोर घरोघरच्या दारांत उभा होता.

पुढें कायदा झाला. १९७० च्या अमेरिकन क्लीन एअर ॲक्टनें नव्या मोटारींच्या धुरांतील मुख्य दूषित द्रव्यें थोड्या वर्षांत नव्वद टक्क्यांनीं कमी करण्याचें बंधन घातलें. १९७५ च्या नमुन्यापासून तेथील बहुतेक मोटारींच्या धुराच्या नळींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हें पात्र आलें. प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंच्या सान्निध्यांत त्यांत धुरांतील विषारी वायूंचें रूपांतर होतें. शिशानें हे धातु निकामी होतात. म्हणून शिशाविरहित पेट्रोलहि त्याच्याबरोबर आलें.

परंतु एक पेंच उरलाच. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ह्यांना निरुपद्रवी करावयाचें तर त्यांना प्राणवायु द्यावा लागतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांना निरुपद्रवी करावयाचें तर त्यांच्यापासून प्राणवायु काढून घ्यावा लागतो. एकाच पात्रांत हीं दोन्ही कामें साधण्यास इंजिनांत जाणारें मिश्रण अगदीं बेताचें हवें: वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें १४.७ भाग हवा. हवा जास्त झाली तर एक काम बिघडतें, पेट्रोल जास्त झालें तर दुसरें. जुन्या कार्ब्युरेटरला इतकें काटेकोर माप राखणें शक्य नव्हतें. धूर क्षणोक्षणीं चाखून त्यांत प्राणवायु किती उरला हें सांगणारा कोणी तरी नळींतच बसविणें अवश्य होतें.

ह्या कामीं आली एका जुन्या दिव्याची विद्या. जर्मनींतील गटिंगेन येथें वाल्टर नेर्न्स्ट ह्यांनीं १८९७ च्या सुमारास झिर्कोनियम व यिट्रियम ह्यांच्या ऑक्साइडांची कांडी तापवून प्रकाश देणारा दिवा तयार केला होता. ही चिनीमातीसारखी वस्तु थंड असतां वीज वाहून नेत नाहीं, तापली म्हणजे नेते. असें कां होतें ह्याचा उलगडा कार्ल वाग्नर ह्यांनीं केला: तापलेल्या कांडीतून प्राणवायूचे विद्युत्भारित कण सरकत असतात. योगायोग असा कीं, वाग्नर ह्यांचा हा लेखहि १९४३ सालचाच. लॉस एंजेलिसमध्यें लोक धुरक्यांत डोळे चोळीत होते, त्याच वर्षीं त्यावरील एका उपायाचें बीज दुसऱ्या खंडांत छापलें गेलें होतें.

जर्मनींतील बॉश कंपनीनें ह्या तत्त्वावर शिवणकामाच्या टोपणाएवढा एक भाग बनविला. त्याच्या बाहेरच्या अंगाला इंजिनाचा धूर लागतो, आंतल्या अंगाला बाहेरची मोकळी हवा. दोन्ही अंगांवर प्लॅटिनमचा पातळ थर. सुमारें ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावर दोन्ही बाजूंच्या प्राणवायूच्या फरकानुसार त्यांत विजेचा दाब उत्पन्न होतो. धुरांत प्राणवायु उरला नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त झालें असेल, तर सुमारें ०.९ व्होल्ट, उरला असेल तर सुमारें ०.१ व्होल्ट. स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीनें १९७६ मध्यें कॅलिफोर्नियासाठींच्या गाड्यांत हा सेन्सर प्रथम बसविला. पुढें १९८२ पासून त्याच्या पोटांत विजेचा तापकहि आला, म्हणजे थंड इंजिनांतहि तो लौकर कामास लागूं लागला.

सेन्सर आला म्हणून त्याचें ऐकणारा संगणक आला, आणि संगणकाला आपली अडचण सांगतां यावी म्हणून दिवा आला. जनरल मोटर्सच्या १९८१ च्या अमेरिकन गाड्यांत "चेक इंजिन" हीं अक्षरें उजळत. दोन ठराविक टोकें तारेनें जोडलीं कीं दिवा मिचकावून दोषाचा अंक सांगे. १९८८ पासून कॅलिफोर्नियानें अशी आत्मपरीक्षा सक्तीची केली. १९९६ पासून अमेरिकेंतील सर्व नव्या मोटारींना एकाच धाटणीचे संकेतांक व एकाच आकाराची जोडणी आली.

ह्या इतिहासांतून निघणारी गोष्ट साधी आहे. सेन्सर हा साक्षीदार आहे. संकेतांकांत त्याची जबानी असते, कोर्टाचा निकाल नसतो. "पी ०१७१" हा अंक एवढेंच म्हणतो कीं, मिश्रणांत पेट्रोल कमी पडत आहे. इंजिनाच्या बाजूची एखादी रबरी नळी चिरून जादा हवा आंत शिरत असेल, पेट्रोलच्या पंपाचा दाब घटला असेल, किंवा हवा मोजणारें उपकरण मळलें असेल, तर सेन्सर खरेंच सांगत असतो. सत्य बोलल्याबद्दल त्याला बडतर्फ करून काय होणार? नवा साक्षीदारहि तेंच सांगतो.

कधीं साक्ष खरी असूनहि फसवी ठरते. स्पार्क प्लग चुकला तर न जळालेलें पेट्रोल आणि न वापरलेला प्राणवायु दोन्ही नळींत येतात. सेन्सर ओळखतो तो फक्त प्राणवायु. म्हणून पेट्रोल वाया जात असतांहि तो "पेट्रोल कमी" असेंच सांगतो, संगणक आणखी पेट्रोल ओततो, आणि कन्व्हर्टर अति तापून खराब होण्याचा धोका निर्माण होतो. दिवा नुसता लागून न राहतां उघडझांप करूं लागला तर प्रकरण बहुधा ह्याच जातीचें असतें. तेव्हां गाडी पुढें दामटूं नये. सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीला भोंक असेल तर बाहेरची हवा आंत ओढली जाऊन तशीच फसवी साक्ष मिळते.

साक्षीदार स्वतः बिघडतो हेंहि खरें. त्याचा तापक जळतो. "पी ०१३५" हा अंक त्या तापकाच्या मार्गाचा आहे, परंतु त्याहि वेळीं आधीं फ्यूज व तारा पाहाव्या. शिसें, जळलेल्या तेलाची राख, सांधे बुजविण्याच्या सिलिकोन लेपाची वाफ ह्यांनीं त्याचा पृष्ठभाग विषारतो, आणि वयपरत्वें तो मंदहि होतो. चांगला मिस्त्री म्हणून त्याची उलटतपासणी घेतो. इंजिन तापल्यावर व्होल्ट सारखे खालींवर होतात कीं एका जागीं खिळतात, हें तो बघतो. व्हॅक्यूमची एक नळी क्षणभर सोडून जादा हवा आंत घेतो. आंकडा तत्काळ खालीं यावयास हवा. थोडा प्रोपेन वायु आंत सोडला तर तो तत्काळ वर जावयास हवा. दोन्ही वेळां उत्तर झटपट आलें तर साक्षीदार शाबूत आहे; चोर दुसरीकडे शोधावा. अलीकडील पुष्कळ गाड्यांतील रुंद पल्ल्याच्या सेन्सरचे आंकडे वेगळे असतात. परीक्षेचें तत्त्व मात्र हेंच.

आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आवश्यक झाला, २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिशाविरहित पेट्रोल आलें, आणि २०१० व २०१३ अशा दोन टप्प्यांनीं आत्मपरीक्षेची यंत्रणाहि आली. त्यामुळें हा पिवळा दिवा आतां मराठी घरांच्याहि परिचयाचा आहे. तो लागला असतां सुज्ञ गृहस्थानें मिस्त्र्याला दोन प्रश्न विचारावे: संकेतांक नेमका कोणता आहे, आणि सेन्सर बदलण्यापूर्वीं त्याची परीक्षा घेतली काय? नुसता अंक पुसून दिवा विझविणें तर सर्वांत सोपें. पण गाडीमागून चालणाऱ्याच्या छातींत जाणारा धूर त्यानें कमी होत नाहीं. लॉस एंजेलिसचा तो कारखानाहि बंद करून पाहिलाच होता. धुरकें पुन्हा आलेंच.