उंबऱ्याच्या अलीकडे, उंबऱ्याच्या पलीकडे

वेदगंगेकाठच्या मुरगूडमध्ये कोल्हापूरच्या न्यू पॅलेससारखा राजवाडा नाही आणि खिद्रापूरच्या कोपेश्वरासारखे कोरीव मंदिरही नाही. वास्तुकलेचा इतिहास लिहिणारे बहुधा या गावावरून पुढे निघून जातात, कारण त्यांची नजर शिखरे, कमानी आणि घुमट शोधत असते. समाजाची मूल्ये त्याच्या वास्तूंत उतरतात, हे सगळेच मान्य करतात. ती वास्तूच्या नेमक्या कोणत्या भागात उतरतात, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. माझ्या मते दर्शनी भाग याबाबत सर्वांत कमी बोलतो. मूल्ये कळतात ती आतल्या मांडणीवरून: कोण कुठपर्यंत येऊ शकतो, पाण्याला कोणाचा हात लागतो, चूल कोणासाठी पेटते, कोण कोणाशेजारी बसतो. या कसोटीवर पाहिले तर मुरगूड, कागल आणि कोल्हापूर या पट्ट्यातल्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या साध्यासुध्या बांधकामांत जेवढा इतिहास साठला आहे, तेवढा अनेक राजवाड्यांतही नाही.

आधी या भागातले शेतकऱ्याचे जुने घर पाहू. दगडी जोते, मातीच्या किंवा दगडाच्या जाड भिंती, वर लाकडी तुळयांवर उतरते कौलारू छप्पर. पुढे सोपा, त्याच्या अंगाला किंवा समोरच गोठा, आत माजघर, त्याच्याही आत चूल आणि देव, मागे न्हाणी आणि परडे. पाहुणा आला की आधी बैल-म्हशी दिसायच्या, मग माणसे. गुरांना घराच्या छपराखाली जागा होती, कारण तीच घराची खरी मत्ता होती. सोप्यावर पुरुषांचा वावर, माजघर बायकांचे, आणि चुलीजवळ फक्त घरचे. घरात जसजसे आत जावे तसतशी माणसे कमी होत जायची. गावातल्या कित्येकांची वाट तर जोत्यापाशीच संपायची. बलुत्याचे धान्य अंगणात घ्यायचे, पाणी वरून ओतलेले ओंजळीत प्यायचे. गावाची रचनाही अशीच होती. भावकीच्या गल्ल्या आत, बाजारपेठ मध्ये, महारवाडा आणि मांगवाडा गावकुसाबाहेर. घर आणि गाव एकाच नियमाने आखलेले होते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे. घराचे रूप संस्कृती ठरवत नाही. ऊन, पाऊस आणि हाताशी असलेला दगड ठरवतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस धो धो पडतो म्हणून छप्पर उतरते. सोलापूरकडे तो बेताचा म्हणून तिथे धाब्याची घरे. कोकणात जांभा मिळतो म्हणून भिंती जांभ्याच्या. हे सगळे खरे आहे. पावसाने छपराचा उतार ठरवला, भिंतीची जाडी ठरवली, जोत्याची उंचीही ठरवली असेल. पण त्या जोत्यावर कोणी चढायचे नाही, हे कोणत्या पावसाने ठरवले? विहीर कुठे खणायची हे जमिनीखालच्या झऱ्याने सांगितले. तिच्यात कोणाचा पोहरा बुडेल हे झऱ्याला विचारून ठरलेले नव्हते. कोकण, देश आणि मराठवाडा यांची हवामाने वेगळी, घरे वेगळी, तरी गावकुसाबाहेरची वस्ती तिन्ही ठिकाणी होती. जिथे निसर्ग बदलला तरी रचना बदलत नाही, तिथे ती रचना माणसाने केलेली असते. उलट, एकाच गावात, एकाच पावसाखाली, पन्नास वर्षांत रचना बदलली, तर तो बदलही माणसानेच केलेला असतो. असा बदल या भागात घडला, आणि तो मुख्यतः पाणी आणि चूल या दोन गोष्टींभोवती घडला.

कोल्हापूरच्या पागेतला प्रसंग या भागात सर्वांना माहीत आहे. स्पृश्यांच्या हौदाला हात लावला म्हणून गंगाराम कांबळे या सेवकाला मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, पण ते तिथे थांबले नाहीत. गंगारामला त्यांनी चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि लवाजम्यासह स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. चार भिंती, चूल आणि बाकडी एवढीच ही वास्तू. तिच्या दगडावर कसलेही नक्षीकाम नव्हते, तरी त्या काळातले कोल्हापूरचे सर्वांत धाडसी बांधकाम मी तिलाच म्हणेन, कारण जोत्याबाहेर ठेवलेला माणूस तिथे चुलीमागे उभा होता आणि राजा त्याच्या हातचे पीत होता. पुढे 1919 साली सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे हुकूम संस्थानाने काढले. त्यासाठी एकही नवी इमारत बांधावी लागली नाही. दगड तेच राहिले, आत येण्याचा नियम बदलला, आणि त्याबरोबर त्या इमारतीचा अर्थही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा. म्हणजे त्याच्या आठ वर्षे आधी या संस्थानात पाण्याचा हा प्रश्न हुकमापर्यंत आलेला होता. हुकूम निघाला म्हणून गावोगावचे पाणवठे दुसऱ्या दिवशी मोकळे झाले नाहीत, हेही तितकेच खरे. 1920 च्या मार्चमध्ये कागल जहागिरीतल्या माणगावात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरवावी लागली, ती त्यामुळेच. पाण्याची अशीच एक खूण मुरगूडमध्येही आहे: इथला तलाव सर पिराजीराव घाटगे यांच्या नावाने ओळखला जातो. कागलच्या थोरल्या पातीचे हे अधिपती शाहू महाराजांचे सख्खे धाकटे बंधू. दोघा भावांची नावे आज या भागात पाण्याशी जोडलेली आहेत: एकाचे राधानगरीच्या धरणाशी, दुसऱ्याचे या तलावाशी. या तलावाचे पाणी आज गावाच्या नळांना येते, आणि नळाचे पाणी गल्ली ओळखत नाही.

पाण्यापेक्षा चुलीचा प्रश्न अवघड होता. 1896 साली शाहूंनी राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. दार सर्वांना उघडे होते, पण थोड्याच काळात तिथे जवळजवळ फक्त ब्राह्मण विद्यार्थी उरले. दारावरचा नियम आतल्या पंक्तीपुढे टिकला नाही. तेव्हा महाराजांनी वेगळी वाट धरली. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, पाठोपाठ जैन बोर्डिंग. 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. लिंगायत आणि इतर समाजांचीही निघाली. हे जातीचे गावकूस शहरात पक्क्या विटांनी पुन्हा बांधणेच नव्हते का, असे कोणी विचारले तर प्रश्न रास्त आहे. पण ज्या काळी दुसऱ्या जातीच्या हातचे जेवण वर्ज्य होते, त्या काळी सर्वांसाठी एकच चूल याचा व्यवहारातला अर्थ एकाच जातीची चूल असा झाला होता, हे 1896 चा अनुभव सांगत होता. खेड्यातल्या मुलाला शहरात निजायला जागा आणि जेवायला ताट मिळणे ही पहिली गरज होती, आणि बोर्डिंगनी ती भागवली.

पुढचा टप्पा त्याच बोर्डिंगमधल्या एका विद्यार्थ्याने गाठला. कुंभोजचे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करूनच भोजनगृहात यायचे, हे त्यांनी मानले नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत जेवू घालणारे वसतिगृह काढले. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहूंचे नाव दिले गेले. उघडे दार पण एकाच जातीची पंगत, मग जातवार चुली, आणि शेवटी एक चूल: अठ्ठावीस वर्षांतले हे तीन टप्पे या समाजाच्या मनाचा जेवढा नेमका आलेख देतात, तेवढा कोणताही घुमट देणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, इमारत समाज बांधत नाही, सत्ता आणि पैसा असलेला बांधतो. मग तिच्यात समाजाची मूल्ये शोधणे व्यर्थ. कोल्हापूरचा न्यू पॅलेस याचे ठळक उदाहरण. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज स्थपतीने त्याचा आराखडा केला, 1884 च्या सुमारास तो पूर्ण झाला, आणि त्यात गुजरात-राजस्थानच्या शैलीच्या तपशिलांना घड्याळाच्या मनोऱ्याची जोड दिली गेली. सातारा-कोल्हापूरच्या वाडा-परंपरेशी त्याचे नाते थोडेच. पण मग तो काहीच सांगत नाही असे नव्हे. गादीवर अल्पवयीन वारस, कारभार ब्रिटिशांच्या देखरेखीखाली, आणि एतद्देशीय राजाने कसे दिसावे हे ठरवणारा स्थपती परदेशी, ही त्या वेळच्या सत्तेची मांडणी त्या काळ्या दगडात स्पष्ट वाचता येते. आक्षेपातला अर्धा भाग मी मान्य करतो. वास्तू सगळ्या समाजाचा आरसा नसते. ज्यांच्या हाती निर्णय होता, त्यांची ती साक्ष असते. म्हणूनच कोणाची वास्तू उभीच राहिली नाही, कोणाचे घर दर पावसाळ्यात पुन्हा शाकारावे लागले, हाही पुरावा धरला पाहिजे. महारवाड्यातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या किती झोपड्या आज उभ्या आहेत आणि किती वाडे, याची तुलना केली की न लिहिलेला इतिहास समोर येतो.

खासबाग मैदान या वादात मध्ये उभे आहे. 1902 च्या परदेश प्रवासात महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि 1912 साली कोल्हापुरात कुस्तीचे हे मैदान खुले झाले. मूळ कल्पना रोमची, हे खरे. पण कलोसियममध्ये बसण्याचा क्रम कायद्याने बांधलेला होता: खाली सिनेटर, त्यांच्यावर सरदार, मग सामान्य नागरिक, आणि गुलाम व स्त्रिया सर्वांत वर. खासबागेत मधला हौद आणि भोवती चढत जाणारा उतार एवढेच आहे. मध्ये खांब नाही. हजारो माणसे मांडी घालून बसतात आणि मागच्यालाही लांग आणि ढाक तितकीच नीट दिसते. मानाच्या जागा तिथेही असणारच, बायकांना तर त्या गर्दीत जागाच नव्हती. तरी उसनी घेतलेली कल्पना इथल्या मातीत बसवताना तिच्यातून काय गळले आणि काय राहिले, हे पाहिले की समाजाचा कल कळतो. मैदानाला लागूनच 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले, तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती आणि संगीत नाटक शेजारी-शेजारी ठेवणारी ही योजना मला फार महत्त्वाची वाटते, कारण पैलवान आणि गवई यांना तिने एकाच आवारात मान दिला. ऑगस्ट 2024 मध्ये ते नाट्यगृह जळाले तेव्हा कोल्हापूरकरांनी ते जसेच्या तसे उभारण्याची मागणी लावून धरली. लोकांनी ती इमारत आपली मानली होती, ही त्याची खूण.

स्वातंत्र्यानंतर या भागाची खरी वास्तू नदीपात्रात आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे पात्रात ओळीने उभे केलेले दगडी खांब. पावसाळा सरला की त्यांच्या मध्ये बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचे, पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर ते काढून घ्यायचे, आणि पूर आला तर बंधाऱ्याने मुकाट पाण्याखाली जायचे. वेदगंगेवर कुरणी, बस्तवडे, चिखली, सुरूपली अशा कितीतरी ठिकाणी तो आहे, आणि त्याच्याच माथ्यावरून पलीकडच्या गावाचा रस्ता जातो. मोठ्या धरणासारखे त्याखाली गाव बुडत नाही. पाणी पात्रातच राहते आणि काठची गावे ते उपसतात. छोट्या जमिनी आणि सहकारी पाणीपुरवठा संस्था यांच्या समाजाला हेच बांधकाम शोभते. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे: ज्याला जमीन नाही, त्याला बंधाऱ्याचे पाणी नाही. ती उणीव काही अंशी गावच्या दूध संस्थेने भरली. 1963 साली जिल्हा दूध संघ, म्हणजे गोकुळ, स्थापन झाला आणि गावोगाव दूध संस्थांचे छोटे गाळे उभे राहिले. सकाळ-संध्याकाळ तिथे रांग लागते, त्या रांगेत वाड्यातला आणि वाडीतला किटल्या घेऊन एकामागे एक उभे असतात, आणि दर ठरतो तो दुधाच्या फॅटवर. ज्या चुलीजवळ कोणाला येऊ दिले जात नव्हते, तिथले दूध आता सगळ्या गावाचे एकाच कॅनमध्ये पडते. या गाळ्याचा फोटो कोणी काढत नाही.

आता सगळीकडे स्लॅबची घरे झाली, मुरगूडची आणि मिरजेची इमारत सारखीच दिसते, तेव्हा वास्तूत मूल्ये शोधण्याचे दिवस संपले, असे म्हणणारेही आहेत. दर्शनी भागापुरते ते बरोबर आहे. आत पाहिले तर गोठा घरातून बाहेर गेला आहे आणि त्याच्या जागी गाडी आली आहे. सोपा जाऊन हॉल आला, आणि हॉलमध्ये बायका बसतात. मंगल कार्यालयात पंगत जातीवर बसत नाही, आधी येईल तो आधी बसतो. दलित वस्तीतले बुद्धविहार आणि समाजमंदिर पक्क्या बांधकामाची आहेत. त्याच वेळी काही गावांत वस्ती अजून पूर्वीच्याच बाजूला आहे आणि घर विकताना आडनाव विचारले जाते, हेही लपवण्यासारखे नाही.

सर्वांत मोठा बदल तालमीत झाला आहे. जुनी तालीम म्हणजे जाड दगडी भिंती, वाकून आत जावे लागेल असे दार, आत तांबड्या मातीचा हौद आणि कोनाड्यात मारुती. बायकांनी तिच्या उंबऱ्यावरही यायचे नाही. आज मुरगूडच्या सदाशिवराव मंडलिक कुस्ती संकुलात मुली मॅटवर सराव करतात आणि इथल्या मुली राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात. मुली येणार म्हटल्यावर तालीम जुन्या मापाने बांधून चालत नाही. त्यांच्या राहण्याची, कपडे बदलण्याची, स्वच्छतागृहाची जागा नकाशात आधी आखावी लागते, उजेडाच्या खिडक्या ठेवाव्या लागतात, आणि दारही वाकून जावे लागणार नाही एवढे उंच काढावे लागते.