पालीच्या फाट्यावर कोल्हापूरची तबकडी

पालीत उतरलात की आधी दोन वाटा ओळखा. महामार्ग लांजा, राजापूर करत गोव्याकडे जातो. डावीकडची वाट नाणीज, साखरपा मागं टाकून आंबा घाट चढते आणि कोल्हापूर गाठते. तुम्हाला ती दुसरी धरायची आहे. पण त्याआधी साठेक वर्षं मागं या.

1963 चा शिमगा. पालखी घरोघरी फिरते आहे, मुंबईचे चाकरमानी गावात आलेत. रस्ता अरुंद आहे, एसटी आली की धुरळा थेट हॉटेलच्या बाकड्यापर्यंत येतो. त्याच बाकड्यावर बसा. समोरच्या टेबलावर एका चाकरमान्यानं चावीचा ग्रामोफोन मांडला आहे. पेटीच्या बाजूची चावी तो गरागरा फिरवतो. बोथटलेली सुई काढतो, डबीतली नवी बसवतो, बारीक स्क्रू चिमटीत धरून आवळतो. तबकडी लाखेची, मिनिटाला 78 फेरे घेणारी. हातातून निसटली तर तुकडेच. म्हणून ती दोन्ही तळव्यांत कडेनं धरलेली.

सुई टेकते. खरखर. आणि ढोलकी.

चित्रपट ‘रंगल्या रात्री अशा’, 1962 चा. लावणी कोल्हापूरचं नाव ठसक्यात मिरवणारी. आवाज सुलोचना चव्हाण यांचा. बाई गिरगावात वाढलेल्या, आधी सुलोचना कदम या नावानं हिंदी चित्रपटांत गायलेल्या. लावणीचा ठसका त्यांच्या गळ्यात उतरवला तो पती शामराव चव्हाणांनी. मात्र शब्द आणि चाल घाटावरची: कवी जगदीश खेबुडकर, संगीतकार वसंत पवार. हळदीत जन्मलेले खेबुडकर पेशानं शिक्षक. चित्रपटासाठी लिहिलेली ही त्यांची पहिली लावणी, आणि ती थेट या बाकड्यापर्यंत पोचली आहे.

“काका, परत लावा ना,” एक पोरगा म्हणतो. काका परत लावतात. या खेपेला तुम्ही आवाज सोडा आणि ढोलकीच ऐका. उजव्या पुडीवर शाई आहे, तिच्यावरची बोटं कडक, टणत्कार करणारी. डावी पुडी खालून घुमते. बाई ओळ संपवताना किंचित थांबतात, त्या फटीत ढोलकी उसळी घेते आणि बरोबर समेवर त्यांना झेलते. सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत हे किती वेळा होतं ते पाहा. हॉटेलात कुणाचा पाय स्वस्थ नाही, तो या फटींमुळे.

आता तबकडी थांबली की मधला गोल कागद वाचा. गायिकेचं नाव आहे. कवीचं आहे, संगीतकाराचं आहे, चित्रपटाचं आहे. ढोलकीवाल्याचं नाही.

ही सवय जुनी आहे. बसा एसटीत, घाट चढा आणि आणखी तीस वर्षं मागं जा. कोल्हापूर, 1932 च्या आधीचे महिने. 1929 साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी अजून पुण्याला गेलेली नाही. ‘अयोध्येचा राजा’चं चित्रीकरण चालू आहे. पार्श्वगायन अजून आलेलं नाही, जो पडद्यावर दिसणार त्यानंच कॅमेऱ्यासमोर गायचं. हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे स्वतः गातात, संगीतही त्यांचंच. आणि वादक? ते चौकटीच्या बाहेर, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे बसलेले. पडद्यावर त्यांचा सूर आला, माणूस आला नाही. पुढं भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावानं चाली दिल्या, ‘मोहित्यांची मंजुळा’ ते ‘तांबडी माती’. टोपणनाव घेणं ही त्यांची निवड होती. ढोलकीवाल्याला निवड कुणी दिलीच नाही.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेम्फिस शहरात, ती लावणी आली त्याच 1962 साली काय चाललंय तेही डोकावून पाहा. जुन्या सिनेमागृहात थाटलेला स्टॅक्स स्टुडिओ, खुर्च्या काढलेली उतरती जमीन. गायकांमागं वाजवणारी तिथली कायमची वादक मंडळी एक दिवस आपल्याच नावानं तबकडी काढतात, बुकर टी. अँड द एमजीज, आणि ती देशभर गाजते. त्या शहराच्या रिदम अँड ब्लूज संगीताचा वारसा सांगताना आज या वादकांची नावं गायकांच्या बरोबरीनं घेतली जातात. कोल्हापूरचा ताल त्या तोडीचा आहे, हे मी पूर्ण विचारानं म्हणतो.

परत फिरा, पण सावकाश. 1972, ‘पिंजरा’. पुन्हा खेबुडकर, या वेळी राम कदमांच्या चाली आणि उषा मंगेशकरांचा आवाज. मग कॅसेटचा जमाना, एसटी स्टँडवरच्या दुकानांतून दिवसभर वाजणाऱ्या लावण्या. 2022 मध्ये सुलोचनाबाईंना पद्मश्री मिळते आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या जातात. डोक्यावरचा पदर ढळू न देता, हातवारे न करता, सगळा शृंगार निव्वळ आवाजातून उभा करणारी ही बाई.

कोकणानं यातलं काय ठेवलं, ते रत्नागिरीच्या कुठल्याही गावात नमनाच्या खेळाला किंवा जाखडीच्या नाचाला बसलात की कळेल. शाहीर शब्द स्वतःचे बांधतो, चाल मात्र बरेचदा गाजलेल्या गाण्याची उचलतो. कानाला ती लावणी लगेच ओळखू येते. एवढंच की इथं वाजवणारा समोर बसलेला असतो, आणि गाव त्याला नावानं हाक मारतं.

फोनवर तीच 1962 ची लावणी लावा. पडद्यावर तीच तीन नावं येतात. त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे आता थकलेत, बरेच गेलेत. त्यांच्या घरी जाऊन कोणत्या गाण्यात कुणाचा हात आहे ते लिहून घेण्याचं काम विद्यापीठांनी, आकाशवाणीनं आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी आता हाती घ्यावं. ज्यांच्या घरात अशी एखादी आठवण आहे त्यांनी तर विचारणाऱ्याची वाट न बघता तारखेसकट ती कागदावर उतरवावी.