वायुशोधन विद्रावकांची श्यानता

नैसर्गिक वायू, परिष्करणशाळांतील वायू व धूम्रवायू यांतून कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे अम्लधर्मी वायू शोषून घेणाऱ्या द्रवांचा प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध म्हणजे या विद्रावकांची श्यानता होय. शोषण मनोऱ्यातील वायूचे द्रवात होणारे विसरण, उष्णता-विनिमय आणि पंपाला लागणारी शक्ती ही तिच्यावर अवलंबून असतात. त्यामुळे मनोऱ्याचा आराखडा करताना तिचे मूल्य माहीत असावे लागते.

इतिहास : द्रवाच्या थरांतील घर्षण त्यांच्या सापेक्ष वेगाच्या प्रमाणात असते, हे गृहीतक न्यूटन यांनी प्रिन्सिपिया (१६८७) या ग्रंथात मांडले. केशनलिकेतून वाहणारे घनफळ तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, हे हागेन (१८३९) व रक्ताभिसरणाचा अभ्यास करणारे फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी स्वतंत्रपणे प्रयोगांनी दाखविले. केशनलिका-श्यानतामापक याच तत्त्वावर आधारलेले आहेत. १९३० मध्ये अमेरिकेत आर. आर. बॉटम्स यांना अमाइनांच्या साहाय्याने अम्लधर्मी वायू वेगळे करण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळाले. तापमानानुसार श्यानतेत होणाऱ्या घटीचे घातीय सूत्र अँड्रेड यांनी १९३४ मध्ये, तर मिश्रणांसाठीचे सूत्र ग्रुनबर्ग व निसान यांनी १९४९ मध्ये मांडले.

भारित विद्राव : मनोऱ्यातील विद्राव मात्र शुद्ध मिश्रण नसतो. २५° से. ला पाण्याची श्यानता सु. ०·८९ मिलिपास्कल-सेकंद, तर ३० टक्के मोनोएथॅनॉलामाइनाच्या जलीय विद्रावाची सु. २·५ असते. कार्बन डाय-ऑक्साइड शोषला गेल्यावर कार्बामेट व इतर आयन तयार होऊन ती आणखी वाढते. तापमान वाढविल्यास शोषलेला वायू बाहेर पडून बुडबुडे निर्माण होतात व संघटनही बदलते. म्हणून हे मापन अवघड असते. वाइलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये भारित अमाइन विद्रावांची मापने प्रसिद्ध करून विद्राव व पाणी यांच्या श्यानतांचे गुणोत्तर अमाइनाचे प्रमाण, तापमान आणि शोषित वायूचे प्रमाण यांच्याशी जोडणारे सूत्र दिले. आमुंडसेन, ओई व आयमर यांनी २००९ मध्ये मोनोएथॅनॉलामाइनाची मापने २५° ते ८०° से. पर्यंत नेली.

महत्त्व : व्हर्स्टेग व व्हान स्वाय (१९८८) यांच्या नियमानुसार अमाइनाच्या जलीय विद्रावात नायट्रस ऑक्साइडाचा विसरण गुणांक श्यानतेच्या ०·८ या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, कार्बन डाय-ऑक्साइडाचे विसरण त्यावरून अनुमानितात. म्हणजे श्यानतेतील चूक शोषणाच्या वेगाच्या गणितात शिरते. अल्पजल विद्रावकांच्या पुनर्जननास उष्णता कमी लागण्याची अपेक्षा असते. परंतु भारित अवस्थेत त्यांपैकी अनेकांची श्यानता फार वाढते. अशा वेळी उष्णतेत झालेली बचत मोठे मनोरे व विनिमयक यांवरील खर्चात नाहीशी होऊ शकते. म्हणून नवीन विद्रावकाची परीक्षा त्याच्या भारित अवस्थेतील श्यानतेवरूनही करावी लागते.