देहाची ओळख

परवा मंडळाच्या बैठकीत सहज विषय निघाला. यकृत पोटाच्या कोणत्या बाजूस असते, असे एकीने विचारले आणि आम्ही दहाबारा जणी एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागलो! घरातला कोणता डबा कोणत्या फळीवर आहे, हे आपण डोळे मिटून सांगू. पण ज्या देहात जन्मभर राहावयाचे, त्याचा पत्ता आपणांस ठाऊक नसतो. ही ओळख सामान्य माणसास करून देण्याचे जे दोन मोठे प्रयत्न इंग्लंडात दूरचित्रवाणीवर झाले, त्यांची हकिकत म्हणूनच सांगावीशी वाटते.

१९७८ साली बी.बी.सी.ने जोनाथन मिलर यांची 'द बॉडी इन क्वेश्चन' ही तेरा भागांची मालिका दाखविली. मिलर हे शिक्षणाने डॉक्टर, पण नावाजले ते नाट्यदिग्दर्शक म्हणून. नुसती इंद्रिये दाखवून ते थांबले नाहीत. माणसास ती कळली कशी, तो इतिहासही त्यांनी सांगितला. अन्नापासून यकृतात रक्त बनते व शरीर ते शोषून संपविते, हे गेलेनचे मत युरोपात सुमारे चौदाशे वर्षे प्रमाण होते. १६२८ साली विल्यम हार्वीने साधा हिशेब मांडला. हृदय अर्ध्या तासात जितके रक्त बाहेर टाकते, तितके सबंध शरीरातही नसते. मग अन्नातून ते येणार कोठून? अर्थात तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे! स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते, हे आज आपण जाणतो. आणि अंगात एकूण रक्तही जवळजवळ तितकेच असते. पाणी उपसणारे पंप पाहण्यात आले, म्हणूनच हृदयाकडे पंप म्हणून पाहणे माणसास जमले, असे मिलर यांचे म्हणणे.

पुढे १९९८ साली प्रा. रॉबर्ट विन्स्टन यांची 'द ह्यूमन बॉडी' ही सात भागांची मालिका आली. विन्स्टन हे वंध्यत्वावरील उपचारांचे तज्ज्ञ. गर्भधारणा, बाल्य, तारुण्य, वार्धक्य असे टप्पे घेत ही मालिका शेवटी मृत्यूशी येऊन थांबते. कर्करोगाने आजारी असलेल्या एका गृहस्थाने आपले अखेरचे दिवस चित्रित करू दिले, आणि त्याचे मरणही पडद्यावर आले. त्यावरून वाद झाला. मरण ही का दाखवावयाची गोष्ट, असे प्रथम मलाही वाटले. परंतु घरोघरी दुखणाइताच्या उशाशी बसते कोण? बहुधा आपणच. पुढे काय होणार हे कोणी सांगितलेले नसते, आणि त्या अज्ञानाचे भय दुखण्याहून जड होते.

बाळंतपणाचेही तेच. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले. पुढे त्या अमेरिकेस जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो प्रसूतीचाच. लाजेपायी किती बायकांनी दुखणी अंगावर काढली असतील, याची गणती नाही.

तेव्हा भगिनींनो, पुढील बैठकीत शरीराचा एक तक्ता भिंतीवर लावावा, अशी माझी सूचना आहे. आणि हो, यकृत उजव्या बाजूस, बरगड्यांच्या आड असते!