रायफल कुणाच्या खांद्यावर?

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रणजीचा सामना असला की आम्ही मित्र हमखास जातो. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, हे नाशिकमध्ये शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण ते पिस्तूल इथवर कसं आलं, आणि त्याच काळात या भागात बंदूक बाळगायचा हक्क कुणाला होता, हे प्रश्न मला फार उशिरा पडले. तेही जुन्या शिकारी रायफलींबद्दल वाचताना.

शिकारीसाठी रायफल निवडताना तीन गोष्टी पाहतात. नळीचा व्यास, म्हणजे बोअर. बंदूक वापरणाऱ्याच्या अंगाला बसते की नाही. आणि वजन. वजनाचं गणित साधं आहे. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते. तीच गोळी निम्म्या वजनाच्या बंदुकीतून झाडली, तर बंदूक दुप्पट वेगानं खांद्यावर आदळते. मी एनसीसीत असताना पहिल्यांदा थ्री-नॉट-थ्री उचलली होती. वजन साधारण चार किलो. पहिल्या पाच मिनिटांत ती रुबाबदार वाटली, अर्ध्या तासानं नकोशी झाली, आणि गोळी झाडली तेव्हा मात्र तिचं वजन आहे तेच बरं असं वाटलं. हलकी रायफल चालणाऱ्याला सुखाची, झाडणाऱ्याला त्रासाची. म्हणजे निवड करताना खरा प्रश्न असा, की रायफल घेऊन चालणारा कोण आणि झाडणारा कोण?

आपल्या भागात या प्रश्नाचं उत्तर दीडशे वर्षं एकच होतं: चालणारा वेगळा, झाडणारा वेगळा.

१८२५मध्ये जेम्स औट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. औट्रम वाघांचा नादी होता. त्याच्या चरित्रात आकडा दिला आहे, की १८२५ ते १८३४ या काळात १९१ वाघ त्यानं मारले किंवा त्याच्यासमोर मारले गेले. आज महाराष्ट्रात एक वाघ मेला तरी बातमी होते, तिथे हा आकडा वाचून डोळे पांढरे होतात. वाघाचा माग काढणारे, हाकारा घालणारे, जंगल तळहातासारखं ओळखणारे होते भिल्ल. नेम साहेबाचा.

तेव्हाच्या बंदुका जड असण्याला कारण होतं. काळी दारू गोळीला फार वेग देऊ शकत नसे. मग जनावर आडवं करायचं तर गोळीच मोठी हवी. बोअर मोजायची पद्धतही त्यातूनच आली. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या आठ गोळ्या होत असतील, तर त्या मापाची नळी आठ बोअरची. अशी एक गोळी ५६-५७ ग्रॅमची. ती झाडायची तर बंदूक भक्कम हवी, आणि भक्कम बंदूक वाहायला माणूस हवा. साहेबामागे दोन पावलांवर भरलेली दुसरी बंदूक घेऊन चालणारा माणूस शिकारीच्या जुन्या फोटोंत नेहमी दिसतो. त्याचं नाव मात्र फोटोखाली क्वचितच असतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी धूर न करणारी नायट्रो दारू आली आणि गणित बदललं. लहान गोळी प्रचंड वेगानं जाऊ लागली. लंडनच्या रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड यांसारख्या कारखानदारांकडे गिऱ्हाईक शिंप्याकडे जावं तसं जायचं. हात किती लांब, मान किती, गाल दस्त्याला कुठे टेकतो, ही मापं घेऊन रायफल बनायची. संस्थानिक आणि गोरे अधिकारी अशा रायफली मागवत. वाघासाठी, गव्यासाठी दुनळी घेतली तर ती पाच किलोच्या आसपास. ती वाहायला नोकर होतेच, त्यामुळे वजनाची तक्रार कोण करणार?

तक्रार करणारा माणूस स्वतः चालणारा असावा लागतो. १९०७मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला रिग्बीची .२७५ रायफल भेट मिळाली. तिची गोळी जेमतेम नऊ ग्रॅमची, पण वेग आवाजाच्या दुपटीहून जास्त. कुमाऊँच्या डोंगरांत दिवस दिवस पायी, बऱ्याचदा एकट्यानं हिंडणाऱ्या माणसाला हलकी रायफल म्हणजे चैन नव्हती, गरज होती.

त्याच सुमारास सरकारनं एक विचित्र बंदी घातली. .४५० बोअरच्या रायफली आणि काडतुसं हिंदुस्थानात आणायला मनाई. वाघ मारायला ही रायफल उत्तम, मग बंदी कशाला? कारण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांच्या गोळीचं माप तेच होतं. चोरीला गेलेल्या मार्टिनी-हेन्री बंडखोरांच्या हाती असतील, तर साहेबाच्या शिकारीच्या गोळ्या त्यांना उपयोगी पडतील, ही भीती. मग लंडनच्या कारखानदारांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं बाजारात आणली. शिकारीच्या पुस्तकांत ही मापं मोठ्या कौतुकानं येतात. ती निवडली गेली, त्यामागे वाघाची जाड कातडी नव्हती. राज्यकर्त्याची पातळ झोप होती.

ही भीती जुनीच. १८७८च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू लागला, युरोपियनांना सूट होती. साहेबाची रायफल रानोमाळ वाहणाऱ्या माणसाला स्वतःच्या शेताची राखण करायला साधी ठासणीची बंदूक ठेवायची, तरी सरकारदारी जावं लागे.

आणि मग नाशिक. १९०९च्या सुरुवातीला लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकी असलेला चतुर्भुज अमीन पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुलं घेऊन मुंबईला आला. ती पाठवली होती विनायक सावरकरांनी. जून महिन्यात बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सनवर अठरा वर्षांच्या कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक, लोककथा जमवणारा माणूस होता, हेही विसरू नये. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फाशी गेले.

रायफलींच्या मापांवर पहारा ठेवणाऱ्या सरकारला चकवलं ते कोटात मावणाऱ्या, किलोभरही वजन नसलेल्या शस्त्रानं. ते वाहायला नोकर लागला नाही. वाहणारा आणि झाडणारा इथे एकच होता.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, त्याची भीती मात्र कायद्यात राहिली. लष्करी मापाची .३०३ सामान्य माणसासाठी निषिद्धच. म्हणून ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल बनवली. आजही परवानाधारकाच्या घरी हीच दिसते. आपल्या देशातल्या रायफलीचं माप शिकाऱ्यानं ठरवलेलंच नाही. पुढे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीसाठी रायफल निवडायचा प्रश्नच मिटला. ते बरंच झालं. औट्रमचा आकडा आठवला की त्याबद्दल शंका राहत नाही.

पण जनावर आणि बंदूक समोरासमोर येणं थांबलेलं नाही. निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या उसात बिबट्या विणतो, पिल्लं वाढवतो, आणि कधी थेट नाशिकच्या कॉलनीत शिरतो. मग गच्च्यांवर मोबाइल उंचावलेली गर्दी, आणि खाली वनखात्याचा माणूस. त्याच्या हातात डार्ट गन असते. तिच्यातून सुटते औषधाची सुई, आणि ती मुद्दाम हळू जायला हवी. जोर जास्त झाला तर सुईच जनावराला जखमी करेल. नेम चुकला तर मागे दुसरी भरलेली बंदूक घेऊन कुणी उभं नसतं.

ही बंदूक वाहणाराही तोच, झाडणाराही तोच, आणि बिबट्यानं झेप घेतली तर पंजा खाणाराही तोच. त्याला मिळणाऱ्या बंदुकीत एकच गोष्ट उलटी झाली आहे. समोरचं जनावर जिवंत राहावं, म्हणून ती निवडलेली आहे.

पुढच्या वेळी असा व्हिडिओ फोनवर आला, की बिबट्याकडे बघून झाल्यावर त्या माणसाच्या खांद्याकडेही बघा.